सरळच आहे

पिवळा रेनकोट घातलेली ती परदेशी मुलगी पुन्हा समोर येऊन उभी राहिली, तेव्हा नीवेस विहिरीच्या पायरीवर बसायचा सराव करत होती. सराव हाच शब्द खरा. सांता मारिया फोर्मोझाच्या चौकातून ती जन्मभर ये-जा करत आली होती, पण तिथे बसली कधीच नव्हती. बसायचं पाहुण्यांनी, आपण भाजीची पिशवी सावरत चौक तिरपा कापून निघून जायचं, अशी व्हेनिसमधल्या माणसांची रीत. आज मात्र ती ठरवून बसली होती. उद्या याच पायरीवर एका माणसाला आणून बसवायचं होतं, म्हणून ऊन कुठून येतं, दगड किती गार लागतो, कबुतरं किती सतावतात हे आधी बघून ठेवायला हवं होतं. मुलीच्या एका बुटातून पाणी गळत होतं. "बाई," ती अडखळत म्हणाली, "तुम्ही म्हणालात सरळ. मी गेले सरळ. सरळ पाणी आहे." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मघाशी जुन्या गोदीचा दरवाजा कुठे म्हणून विचारून गेली होती, तीच ही. नीवेस लगबगीने उठली, "अगं, सरळच तर आहे," म्हणत तिने हात पुढे केला आणि तिला आपला हात दिसला. हात मुळीच सरळ जात नव्हता. तो आधी डावीकडे वळला, मग पूल चढल्यासारखा वर उचलला गेला, उजवीकडे मुरडला, पुन्हा डावीकडे निसटला. तोंड मात्र खुशाल म्हणत होतं, सरळ. साठी उलटलेल्या नीवेसने स्वतःचा हात असा कधी पाहिला नव्हता. मुलगीही त्या हाताकडे बघत होती, आणि मग दोघी एकदमच हसल्या. नीवेसने तिला गोदीच्या वाटेवर दुसऱ्या पुलापर्यंत नेऊन सोडलं. परत येताना हसू ओसरलं, आणि ती वाटभर आपल्याच हाताकडे बघत राहिली.

सरळ हा शब्द तिला वडिलांकडून मिळाला होता. पिएरो बाल्लारिन म्हणजे माल वाहणाऱ्या बोटीवरचा माणूस. उभ्याने वल्हं मारायचा आणि काठावरच्या कुणीही काहीही विचारलं की एकच उत्तर द्यायचा, सरळ, सरळच. लहानपणी ती त्याच्या पायांशी पिठाच्या पोत्यांवर बसलेली असे. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, पण तिथे तर तीन वळणं आहेत." वडिलांनी वल्हं न थांबवता म्हटलं होतं, "वळणं सांगितली की माणूस घाबरतो गं. सरळ सांगितलं की निघतो तरी. एकदा निघाला की शहर बघून घेतं त्याचं काय करायचं ते." या उत्तरावर तिचा तेव्हाही विश्वास बसला होता आणि आजही होता. या शहरात कुठलीच वाट सरळ नाही, पण पायांना ती सरळच वाटते; भिंतीच्या कोपऱ्यावर मीठ फुटलेलं दिसलं की पाय आपोआप वळतात, पुलाचा कठडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेला लागला की कळतं आपण कुठे आहोत. पाण्याचा वास बदलला की ओहोटी, आणि पहाटे पलंगावरून छतावर हलणारा पाण्याचा उजेड दिसला की आज आभाळ मोकळं. एवढं सुंदर, एवढं शहाणं शहर दुसरं नसेल, असं तिला मनापासून वाटायचं, आणि हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. स्वतःच्या आईचं रूप का कुणाला वर्णन करून सांगायचं असतं! पण आता सांगायची वेळ आली होती. उद्या एदमोन्दो येणार होता, आणि तो तोरिनोचा होता. तोरिनोत रस्ते पट्टीने आखलेले असतात, आणि रस्त्याच्या टोकाला पाहिलं की बर्फाचे डोंगर दिसतात. तिथे सरळ म्हणजे सरळ.

त्यांची ओळख चिखलात झाली होती. हे एल्दाचं वाक्य. एल्दा म्हणजे समोरच्या खिडकीतली शेजारीण, तिला असली वाक्यं सुचतात. गेल्या शरद ऋतूत नीवेस गुडघ्यासाठी आबानोला गरम चिखलाचे लेप घ्यायला गेली होती, तिथे शेजारच्या खाटेवर हा उंच, नीटस माणूस मानेपर्यंत चिखलात माखून पडला होता, आणि अशा अवस्थेतही त्याने तिला "नमस्कार बाई, आपली परवानगी असेल तर जरा खिडकी लावून घ्यायला सांगतो," असं म्हटलं होतं. चिखलातून तेवढी अदब ऐकून तिला जे हसू फुटलं, ते पुढे ओसरलंच नाही. एदमोन्दो ग्रिबाउदो, विधुर, जन्मभर ट्राम चालवलेला. ट्रामच्या घंटेने डावा कान अधू केलेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. तिने केलेला त्याला ऐकूच जात नसे, कारण फोन कोटाच्या आतल्या खिशात आणि खिसा नेमका डाव्या बाजूला. दोघं अजून एकमेकांना तुम्ही म्हणत. तो आपली मोठाली झाडं, कमानींखालचे रुंद पदपथ, तिथे पावसात छत्रीशिवाय कसं चालता येतं हे सांगे. ती आज मासळीत काय आलं, खाडी कुठल्या रंगाची होती हे सांगे. व्हेनिस त्याने कधी पाहिलं नव्हतं. "तिथे म्हणे फक्त गर्दी असते," तो म्हणायचा, आणि ती मुकाट्याने रागावायची. मग पंधरवड्यापूर्वी तो म्हणाला, "माझी मुलगी मिरेला म्हणते आहे, तिच्या खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय. घरापुढे बाग आहे, नातवंडं आहेत. येत्या रविवारपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?" आणि तो थांबला. फोनवरही माणसाचं थांबणं ऐकू येतं. नीवेसच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. ती म्हणाली, "बघा बाई, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." फोन ठेवल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, रविवारच्या आधी दोन-तीन दिवस येऊन जाऊ का. ती म्हणाली, या.

म्हणजे आता जे तिला म्हणता आलं नव्हतं, ते शहराने म्हणायचं होतं. योजना साधी होती आणि तिच्या मनात ती पूर्ण तयार होती: पहिला दिवस. पहिला दिवस बिघडला की शहर कायमचं बिघडतं, हे तिने आपल्या दुकानात बसून शेकडो पाहुण्यांच्या तोंडावर वाचलं होतं. बटणं, दोरे, लेस विकण्याच्या त्या टीचभर दुकानात लोक तुटलेलं बटण घेऊन यायचे आणि बरोबर आपला सगळा वैताग घेऊन यायचे. तसं त्याचं होऊ द्यायचं नाही. मोठा चौक, मोठं चर्च पहिल्या दिवशी मुळीच नाही. स्टेशनात गाडीशी जायचं, त्याला डोळे मिटायला सांगायचं, हाताला धरून पायऱ्यांपर्यंत आणायचं आणि मग म्हणायचं, आता उघडा. रस्त्याच्या जागी पाणी दिसलं की माणसाचं तोंड लहान मुलासारखं होतं. ते तोंड तिला बघायचं होतं. मग मारिनो वाइनवाल्याकडे उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचं. मग या विहिरीच्या पायरीवर ऊन खात बसायचं. मग घरी जेवण, खारवलेल्या माशाच्या आणि कांद्याच्या रश्श्यातल्या जाड शेवया, ज्या शिजवताना बोलायला भरपूर वेळ मिळतो. आणि संध्याकाळी सान पिएत्रोचा पांढरा, कलता घंटामनोरा, जिथे फारसं कुणी फिरकत नाही, तिथल्या गवतावर उभं राहून खाडीवरचा उजेड जाताना पाहायचा. कुठेही घाई नाही. तिथे उभं असताना तो आपणहून म्हणेल. काय म्हणेल ते तिने ठरवलं नव्हतं, पण म्हणेल.

घाई नाही, हेच तर अवघड निघालं. तालमीसाठी ती सकाळी स्टेशनपासून सावकाश चालत निघाली, तर पहिल्याच पुलावर ओळखीच्या कोळणीने विचारलं, "काय गं नीवेस, गुडघा पुन्हा आला का?" पुढे औषधाच्या दुकानातला म्हातारा दाराशी येऊन म्हणाला, "बसतेस का आत जरा? तोंड उतरलंय." या शहरात पाहुणे रमतगमत चालतात, माणसं झपाझप चालतात, आपल्यातलं कुणी हळू चाललं म्हणजे त्याला काहीतरी झालेलं असतं. तिने दोघांना सांगितलं, काही नाही, फिरते आहे. दोघांच्याही चेहऱ्यावर काळजी आणखीच वाढली. आणि दुसरी एक अडचण तिच्या लक्षात आली, जी तिला इतकी वर्षं अडचण वाटलीच नव्हती: या गल्ल्यांतून दोघांना बरोबरीने चालता येत नाही. एक पुढे, एक मागे. समोरून कुणी आलं तर भिंतीला खांदा लावायचा, छत्री असली तर तिरकी करायची. सांद्रो, तिचा नवरा, लग्नापासून जाईपर्यंत तिच्या पुढेच चालला. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठ तिला जास्त पाठ होती. खांदे जरा उचललेले असले की आज कामावर कुणीतरी बोललंय, मान हलत असली की मनात गाणं चालू आहे. त्या पाठीशी तिचा संसार सुखाचा झाला. कुणी कुणाला सरळ काही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं, सांगायची वेळच आली नाही. पाठ बघून कळत होतं. आता या नव्या माणसाची पाठ तिला वाचता येत नव्हती, तिने ती नीट पाहिलीसुद्धा नव्हती, आबानोला तो बहुतेक वेळ उताणाच असायचा. या विचाराने तिला भर गल्लीत हसू आलं. या वयात पुन्हा एक पाठ शिकायची. शिकायला मिळाली तर.

संध्याकाळी एल्दा खिडकीत कोपर टेकून तयारच होती. दोघींच्या खिडक्यांमध्ये अंतर एवढं की मिठाची बरणी हाताहाती देता यावी. "काय म्हातारे, झाली का रंगीत तालीम?" "झाली." "आणि पडदा कुणी पाडायचा ते ठरलं का? का मनोऱ्यालाच बोलायला लावणार आहेस?" नीवेस म्हणाली, "मनोरा तुझ्यापेक्षा बरा बोलतो." मग तिने पिवळ्या रेनकोटवालीची गोष्ट सांगितली, हात कसा वळवळत होता ते करून दाखवलं. एल्दा हसून हसून खिडकीत लवंडली. "अगं, माझा बाप तर मरताना पाद्रीला म्हणाला, सरळच ना? आणि पाद्री म्हणाला, सरळच." मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण नीवेस, त्या माणसाशी तरी सरळ बोल. तोरिनोचा आहे तो. त्याला तुझं ते वेडंवाकडं कळायचं नाही." "बघू," नीवेस म्हणाली. "हे बघ, झालंच सुरू," एल्दा म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

सकाळी छतावर उजेड हललाच नाही. नीवेसने खिडकी उघडली तर एल्दाची खिडकी नव्हती. धुकं असं की हात बाहेर काढला तर बोटं ओली झाली. ऊन, विहीर, खाडीवरचा उजेड, सगळ्या योजनेवर कुणीतरी ओला बोळा फिरवला होता. तरी धुक्यातलं आपलं शहर तिला नेहमीच आवडत आलं होतं. पायांचे आवाज तेवढे उरतात, आणि माणसं दिसायच्या आधी खोकतात. ती स्वतःची समजूत घालत कांदा चिरायला बसली. गाडीला अजून खूप अवकाश होता. कांदा मंद आचेवर ठेवून ती केस विंचरत होती तेव्हा फोन वाजला. "नमस्कार बाई," एदमोन्दो म्हणाला, आणि त्याच्या मागे स्टेशनचा गलका होता. "झोप काही लागेना, म्हणून आधीची गाडी धरली. मी पायऱ्यांवर उभा आहे. समोर म्हणे पाणी आहे. काहीच दिसत नाही." तिच्या हातातला कंगवा खाली पडला. ते तोंड, ते लहान मुलासारखं होणारं तोंड, ते तिच्याशिवायच होऊन गेलं होतं; नाहीतर झालंच नव्हतं. "तिथेच थांबा, मी येते," ती म्हणाली. "मुळीच नाही. तुमच्याकडच्या बोटी धुक्याने बंद आहेत म्हणतात, आणि तुमच्या गुडघ्याला एवढं चालवून आणू? माझा ठणठणीत आहे. तुम्ही फक्त वाट सांगा." भांड्यात कांद्याने चर्र केलं, ती तिकडे वळली, आणि तोंडातून, जन्मभराच्या सवयीने, विचार येण्याच्या आधी शब्द गेला. "सरळ या. सरळच आहे." "उत्तम," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ती कांदा हलवत होती. मग तिचा हात थांबला. तिला तो हात पुन्हा दिसला, डावीकडे, वर, उजवीकडे. आणि मग पाण्यात गेलेला पिवळ्या रेनकोटवालीचा बूट. "एल्दा!" ती धुक्यात ओरडली. "एल्दा, मी त्याला सरळ ये म्हणून सांगितलं!" खिडकी उघडल्याचा आवाज आला, दिसलं काही नाही. "हाय रे देवा," धुकं म्हणालं. नीवेसने फोन लावला. वाजला, वाजत राहिला, डाव्या खिशात, डाव्या कानाखाली. पत्ता होता त्याच्याकडे, पण इथल्या पत्त्यात गल्लीचं नाव नसतं; कास्तेल्लो हे विभागाचं नाव आणि अख्ख्या विभागाला फिरून आलेला एक लांबलचक आकडा, जो टपालवाल्याखेरीज कुणाला उपयोगी पडत नाही. तिने कोट अंगावर ओढला. "कुठे निघालीस?" एल्दा ओरडली. "शोधायला." "मूर्ख आहेस का? इथे दोघं एकमेकांना शोधायला निघाली की रात्रीपर्यंत भेट नाही. एकाने हलायचं, एकाने थांबायचं, एवढं पोरांनासुद्धा कळतं. पुलावर जाऊन उभी राहा. कांद्याकडे मी बघते."

म्हणून ती घराजवळच्या सान पिएत्रोच्या पुलावर जाऊन उभी राहिली, जिथून बेटावर जाता येतं आणि जिथून पुढे शहर संपतं. थांबणं तिच्या वाट्याला आलं होतं. आयुष्यात तिने थांबून कुणाची वाट पाहिली नव्हती. दुकानात लोक येत, घरात सांद्रो येई, सगळं ठरल्या वाटेने चालत येई. आता धुक्यातून एकेक पाऊल वाजायचं आणि तिचं काळीज वर यायचं. पाऊल जवळ येऊन भाजीवाला व्हायचं, कुत्रा घेऊन निघालेली बाई व्हायचं. तिला दिसत होता तो: हातात बॅग, अंगावर इस्त्री केलेला कोट, पट्टीने आखल्यासारखा सरळ चालणारा, आणि पुढे पाणी. पडणार नाही, ती स्वतःला सांगत होती, पडणारा माणूस नाही तो, ब्रेक लावण्यात आयुष्य गेलंय. पण वैतागेल. बूट भिजतील. कुणीतरी धक्का देऊन जाईल आणि माफीही मागणार नाही, कारण आपण लोक मागत नाही. तो म्हणेल, मला उगाच बोलावलं. रुळांवरचं साधं शहर बरं. आणि रविवारी मिरेलाला हो म्हणेल, बागेत खुर्ची टाकून बसेल, आणि संध्याकाळी फोन करून अदबीने विचारेल, काय बाई, आज मासळीत काय आलं? ती संध्याकाळ तिला आत्ताच ऐकू आली. मग तिने काल तयार केलेल्या सगळ्या दिवसाकडे पाहिलं: मिटलेले डोळे, विहीर, ऊन, मनोरा. एवढी नक्षी कशासाठी केली होती? एक वाक्य बोलायचं नव्हतं म्हणून. अख्ख्या शहराला तिने पुढे उभं केलं होतं आणि स्वतः मागे दडली होती, सांद्रोच्या पाठीमागे चालल्यासारखी.

चर्चमध्ये घंटा झाली, पुन्हा झाली. मग तिचा फोन वाजला आणि तिने तो जवळजवळ पाण्यातच टाकला. मारिनो होता, वाइनवाला, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. "नीवेस, तुझा कुणी तोरिनोचा पाहुणा आहे का? टोपी काढून बोलतो तो? येऊन गेला. बटणांच्या दुकानातल्या बाई कुठे राहतात म्हणाला. मी त्याला एक पेला पाजला, मासा खाऊ घातला आणि रस्ता सांगितला." "काय सांगितलास?" "काय म्हणजे? सरळ." नीवेसने डोळे मिटून घेतले. "मारिनो, तुझं काय करू मी!" "का? सरळच तर आहे," मारिनो दुखावून म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग औषधवाला म्हातारा, फोनवर, चौकशीच्या सुरात: उंच माणूस, बुटात पाणी, पण चेहरा प्रसन्न, आपण त्याला कोरडे मोजे दिले आणि वाट दाखवली. कुठली वाट ते नीवेसने विचारलं नाही. धुक्यात कुठेतरी शहर त्या माणसाला हाताहाती पुढे देत होतं, मिठाच्या बरणीसारखं, आणि प्रत्येक जण त्याला मनापासून खोटं सांगत होता. तिला रडू आलं, आणि आपल्या लोकांबद्दल इतकी माया दाटून आली की रडू कशाचं तेच कळेना.

तो आला तो तिच्या पाठीमागून, बेटाच्या बाजूने, जिकडून कुणी यायची शक्यताच नव्हती. आधी खोकला ऐकू आला. मग टोपी, मग बॅग, मग तो. पायांत कुणाचे तरी रबरी बूट होते, एका हातात आपले ओले बूट दोऱ्यांनी बांधून धरलेले, काखेत एक लांब पाव. "नमस्कार बाई," तो म्हणाला आणि टोपी काढली. "तुम्ही इकडून कसे?" तिच्या तोंडून एवढंच निघालं. "सरळ," तो म्हणाला. "आयुष्यभर ट्राम चालवली, पण इतका सरळ मी कधी गेलो नव्हतो. ज्याला विचारावं तो सरळच सांगतो. सरळ म्हणून एका अंगणात गेलो, तिथल्या बाईने बूट दिले, हे तिच्या मुलाचे. सरळ म्हणून एका बोटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला बसा, आणि बेटाच्या पलीकडे आणून सोडलं. एकाने विचारलं, सावली घेणार का? मी म्हटलं, अहो या धुक्यात सावली कुठली, तर त्याने वाइनचा पेला पुढे केला. इथे पेल्याला सावली म्हणतात? कुणी सांगितलं का नाही मला!" त्याचं बोलणं थांबत नव्हतं, फोनवर तोलूनमापून बोलणारा हा माणूस धुक्यात लहान झाला होता. त्याने डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. भिंती हातांनी चाचपल्या होत्या, खारट लागतात का ते बोट चाटून बघितलं होतं, पुलांवर वरची पायरी आली की पावलांचा आवाज कसा बदलतो ते ऐकलं होतं, उजव्या कानाने. एका विहिरीच्या पायरीवर बसून त्याने मोजे बदलले होते. कुठल्या विहिरीच्या ते तिने विचारलं नाही. तिला ती माहीत होती. तिला हवं असलेलं ते तोंड, पायऱ्यांवर बघायला मिळायचं राहून गेलेलं, आता तिच्यासमोर होतं, ओल्या मिशांसकट.

मग त्याने कठड्यावर हात ठेवला, झिजलेल्या जागेवरच. "रविवारी मिरेलाला काय सांगू?" त्याने विचारलं. पाणी खालून डुबुक डुबुक वाजत होतं. नीवेसच्या तोंडात तो जुना शब्द आयता येऊन बसला होता, बघू. तिने तो गिळला. मनोरा धुक्यात नव्हता, ऊन नव्हतं, पुढे करायला काहीच शिल्लक नव्हतं. "तिला हो म्हणू नकोस," ती म्हणाली. "इथे राहा." "काय म्हणालात?" त्याने मान जरा वळवली. त्याचा डावा कान तिच्याकडे होता. "इथे राहा म्हणते आहे मी!" ती ओरडली. "तू! माझ्या घरात! माझ्याजवळ!" आवाज पाण्यावरून गेला, भिंतींवर आपटून परत आला, आणि कुठूनतरी वरून, धुक्याच्या पलीकडून एल्दा खणखणीत म्हणाली, "ऐकलं का हो ट्रामवाले? अख्ख्या कास्तेल्लोने ऐकलं!" एदमोन्दोने टोपी त्या दिशेला उचलली. मग तो नीवेसकडे वळून हळूच म्हणाला, "पहिल्या वेळीच ऐकलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं."

तिने त्याच्या हातातून ओले बूट घेतले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. पुलावरून उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. पुढे नुसतं पांढरं होतं. "घर कुठे आहे तुमचं?" त्याने विचारलं आणि मग दुरुस्त केलं, "तुझं?" नीवेसचा हात उठला, तोंड उघडलं, आणि स हे अक्षर ओठांवर आलंच होतं. ती थांबली. "डावीकडे," ती म्हणाली. "मग लगेच उजवीकडे. मग एक पायरी आहे, तिथे पाय जपून ठेव." आणि गल्ली अरुंद असूनही ती त्याच्या पुढेही गेली नाही आणि मागेही राहिली नाही. दोघांनी आपापला एकेक खांदा भिंतीला घासत ती वाट काढली.